कॅमोमाइल: बियाण्यापासून वाळलेल्या फुलापर्यंत

कॅमोमाइलचे बी पेरायची वेळ महाराष्ट्रात वर्षातून एकदाच येते. कोजागिरीच्या सुमारास पाऊस ओसरतो, ऑक्टोबरचा उकाडा हळूहळू उतरू लागतो. तिथपासून दिवाळीनंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांपर्यंत जो काळ मिळतो, तोच या बियाचा. हे सगळ्यात आधी सांगते, कारण ‘बी उगवलेच नाही’ किंवा ‘झाड वाढले, पण फुलले नाही’ या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा खतात नसते आणि मातीतही नसते; ते तारखेत असते. जूनमध्ये उत्साहाने पेरलेले बी पावसाच्या माऱ्यात वाहून जाते, आणि जानेवारीच्या शेवटी पेरलेले रोप कळ्या धरते तेव्हा उन्हाळा येऊन ठेपलेला असतो.

हिशेब उलटा करायचा. पेरणीपासून पहिली फुले दिसायला साधारण आठ ते दहा आठवडे लागतात. पुढे महिना-दीड महिना झाड फुलत राहते. कॅमोमाइल मूळचे युरोप आणि पश्चिम आशियातले, थंड हवेत अंग धरणारे. दुपारचा पारा पस्तिशीच्या पुढे सरकू लागला की ते नवी फुले देणे आवरते घेते, बी धरते आणि वाळून जाते. म्हणून फुलांचा भर संक्रांत ते शिमगा या काळात यायला हवा, आणि त्यासाठी रोप डिसेंबरच्या सुरुवातीला कुंडीत किंवा वाफ्यात रुजलेले हवे. तिथून मागे चार-पाच आठवडे मोजले की ऑक्टोबरअखेर येते.

उत्तर भारतातले शेतकरी नेमके हेच वेळापत्रक पाळतात. हे झाड मुघल काळात भारतात आले आणि बाबूना या नावाने यूनानी औषधांत स्थिरावले. काष्ठौषधीच्या जुन्या दुकानांत आजही ते याच नावाने मागावे लागते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, त्याच्या लागवडीवर बरेच काम केले आणि ‘वल्लरी’ नावाचे वाणही काढले. तिकडे ऑक्टोबरच्या आसपास रोपवाटिकेत बी पडते, नोव्हेंबरात पुनर्लागवड होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडे चालतात. हे सरळसरळ रब्बीचे पीक आहे. गहू-हरभऱ्याला मानवणारी हवा याला मानवते, इतके लक्षात ठेवले तरी अर्धे काम झाले.

महाराष्ट्रात मात्र सगळीकडे हिवाळा सारखा नाही. नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूरच्या लोकांना फार विचार करावा लागत नाही. वर सांगितलेल्या तारखा तिथे चालतात. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात रात्री चांगल्या गारठतात, ही मोठी जमेची बाजू; पण ऊनही लवकर तापते. तिथे ऑक्टोबर संपण्यापूर्वी पेरावे आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारच्या उन्हात कुंड्यांवर शेडनेटची सावली धरावी. मुंबई, कोकण आणि गोव्यात खरी अडचण आहे, कारण तिथली रात्र पुरेशी थंड होत नाही आणि हवेतला दमटपणा रोपांना मानवत नाही. तिथे नोव्हेंबरच्या मध्यावर पेरून जानेवारी-फेब्रुवारीचे थोडे गार दिवस साधावेत, आणि सकाळचे ऊन येणारी पूर्वेची गॅलरी निवडावी. फुले मिळतील, पण वर्षभराच्या चहाची अपेक्षा धरू नये.

आता बियाण्याकडे वळू. बाजारात ‘कॅमोमाइल’ म्हणून निदान दोन वेगळी झाडे मिळतात. जर्मन कॅमोमाइल, शास्त्रीय नाव मॅट्रिकेरिया कॅमोमिला, हे एका हंगामाचे, दीड-दोन फूट उभे वाढणारे झाड. रोमन कॅमोमाइल, म्हणजे कॅमिमेलम नोबिले, हे बहुवर्षायू आणि जमिनीलगत पसरणारे. इंग्लंडमध्ये त्याची हिरवळसुद्धा करतात. आपल्या मैदानी भागात, भर पावसाळा आणि त्याआधीचा उन्हाळा सोसून ते टिकवणे मला व्यवहार्य वाटत नाही. चहासाठी सर्वात जास्त वापरले जाते तेही जर्मनच. तेव्हा पाकिटावर ‘मॅट्रिकेरिया’ हा शब्द आहे की नाही ते पाहा. त्यातही एक गोंधळ आहे. फुलवाले गुच्छात घालण्यासाठी मॅट्रिकेरिया म्हणून जी पांढरी-पिवळी फुले विकतात, ती बहुधा फीव्हरफ्यू या भलत्याच झाडाची असतात. त्याची पाने रुंद, शेवंतीच्या वळणाची असतात. खऱ्या कॅमोमाइलचे पान शेपूसारखे बारीक, दोऱ्यादोऱ्यांचे असते. रोप बोटभर झाले की ही ओळख पटते.

पाकीट उघडल्यावर पहिला धक्का बियाच्या आकाराचा बसतो. एक बी जेमतेम मिलिमीटरभर लांब असते. एका ग्रॅममध्ये सात ते दहा हजार बिया मावतात. श्वास जोरात सोडला तरी तळहातावरून उडून जातील, इतक्या हलक्या. या आकारातच पेरणीचा सगळा नियम दडला आहे. मोठ्या बियाच्या पोटात कोंबाला माती फोडून वर येईपर्यंत पुरेल इतकी शिदोरी असते. वालाचे किंवा भोपळ्याचे बी इंचभर खोल गेले तरी बिघडत नाही. कॅमोमाइलच्या बियात तेवढा साठा नाही. अर्धा इंच मातीखाली ते रुजले, तर उजेड गाठण्याआधीच कोंबाची ताकद संपेल. म्हणून अशा बारीक बियांमध्ये निसर्गाने एक सोय केली आहे: प्रकाश मिळाल्याशिवाय त्या नीट रुजतच नाहीत. बियाला उजेड जाणवणे म्हणजे आपण पृष्ठभागावर आहोत याची खात्री पटणे. त्याच्या आतले प्रकाश ओळखणारे रंगद्रव्य जागे होते आणि मग रुजण्याची क्रिया पुढे सरकते. सवयीने आपण बी टाकतो आणि वरून मातीचा हात फिरवतो. इथे तो हात आवरायचा.

रोपांसाठी तीन-चार इंच खोल, तळाला भोके असलेला पसरट ट्रे किंवा जुने प्लास्टिकचे खोके पुरते. कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत सारख्या प्रमाणात घ्या, त्यात मूठभर बारीक वाळू मिसळा. खत चाळणे टाळू नका. ढेकळांच्या फटीत गेलेले बी गाडले गेल्यातच जमा असते. मिश्रण ओले करा, तळहाताने हलके दाबून सपाट करा आणि जास्तीचे पाणी निथळू द्या. मग चिमूटभर बी दोन-तीन चमचे कोरड्या बारीक वाळूत कालवून ती वाळू सगळीकडे भुरभुरा. वाळू फिक्या रंगाची असल्याने कुठे पडली, कुठे राहिली तेही दिसते. नंतर एखाद्या सपाट फळीने किंवा पुठ्ठ्याने हलके दाबा, म्हणजे बी ओल्या मिश्रणाला चिकटेल. वरून काही घालायचे नाही.

पाणीही वरून घालायचे नाही. झारीच्या धारेने या बिया एका कोपऱ्यात गोळा होतात आणि मग तिथे रोपांचे जंगल, बाकी ट्रे रिकामा, असे चित्र दिसते. ट्रे परातीत ठेवा, परातीत बोटभर पाणी ओता. तळाच्या भोकांतून ओल वर चढते. पृष्ठभाग ओला दिसू लागला की ट्रे उचलून निथळू द्या. बी रुजेपर्यंत वरचा थर एकदाही पूर्ण सुकता कामा नये, कारण बी नेमके तिथेच आहे. यासाठी ट्रेवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद सैलसर टाकावा. ओले पोते किंवा वर्तमानपत्र टाकण्याची आपल्याकडची रीत कांद्याच्या रोपाला ठीक आहे. इथे तिने उजेड अडेल. ट्रे प्रखर उन्हात नको, भरपूर उजेडाच्या सावलीत हवा. प्लास्टिकखाली ऊन साठले तर बी शिजते. मुंग्यांवर नजर असू द्या. बारीक बी त्या सहज वाहून नेतात, आणि न उगवलेल्या ट्रेचे कारण कित्येकदा तेच असते.

पंधरा ते वीस अंशांच्या आसपासचे तापमान मिळाले तर आठवड्याभरात हिरवे ठिपके दिसू लागतात. उकाडा जास्त असेल तर दोन आठवडेही लागतात आणि उगवण विरळ होते. हे ठिपके दिसले त्या दिवशी प्लास्टिक काढायचे. इथे आळस केला तर दोन दिवसांत रोपे देठातून काळी पडून आडवी होतात. त्याला रोपांची मर म्हणतात. जमिनीतल्या बुरशीमुळे ती होते आणि साचलेला ओलावा, दाटी आणि कोंडलेली हवा हे तिचे सोबती. ट्रायकोडर्मा आधीच मिश्रणात मिसळलेला असेल तर मदत होते, पण खरा उपाय वारा आणि विरळणी हाच. दाट जागची रोपे उपटू नका. शेजारच्यांची मुळे हलतात. लहान कात्रीने जमिनीलगत कापा. मन घट्ट करून कापा. चिमूटभर बियातून शेकडो रोपे येतात आणि आपल्याला हवी असतात पंधरा-वीस.

पंधरा-वीस हा आकडा सहज लिहिलेला नाही. एका कप चहाला वाळलेली फुले लागतात साधारण दोन ग्रॅम. ताजे फूल वाळल्यावर त्याचे वजन चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. म्हणजे एका कपामागे सत्तर-ऐंशी ते शंभर फुले खुडावी लागतात. खिडकीतल्या एका कुंडीतून हंगामात फार तर एक-दोन कप निघतील. पाहुण्यांना पाजण्याइतका आणि पावसाळ्यापर्यंत पुरणारा साठा हवा असेल तर मोठ्या कुंड्या पाच-सहा, प्रत्येकीत तीन रोपे, किंवा दीड-दोन मीटरचा एक वाफा, एवढी तयारी हवी.

रोपे दोन इंचांची झाली, खऱ्या बारीक पानांचे झुपके दिसू लागले, की पुनर्लागवड करा. फार मोठी होऊ दिली तर मूळ तुटण्याचा धक्का त्यांना बसतो. दिवस मावळताना, ट्रे आधी भिजवून, रोप मुळाच्या गड्ड्यासह चमच्याने उचलावे. वाफ्यात दोन रोपांत वीत-सव्वा वीत अंतर ठेवावे. कुंडी आठ-दहा इंच खोल असली तरी पुरते, कारण मुळे उथळ असतात. पहिले तीन-चार दिवस दुपारची सावली धरावी, पुढे मात्र निदान पाच-सहा तास ऊन लागते.

मातीच्या बाबतीत हे झाड भलतेच समजूतदार आहे. चोपण, खारवट जमिनीतही ते तग धरते. सामू नऊच्या आसपास असलेल्या जमिनीत उत्तर भारतात त्याची लागवड झाली आहे. बोअरचे जड पाणी घालावे लागणाऱ्या सोलापूर-लातूरकडच्या गच्चीवरच्या बागेसाठी ही दिलाशाची गोष्ट आहे. निचरा मात्र चोख हवा. काळ्या मातीत तिसरा हिस्सा वाळू किंवा बारीक मुरूम आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळा. लागवडीच्या वेळी घातलेले हे खत शेवटपर्यंत पुरते. पुढे युरिया, डीएपी किंवा दर आठवड्याला जीवामृत असा लाड केला तर झाड हिरवेगार, लुसलुशीत होते, वाऱ्याने लोळते आणि फुले कमी देते. नत्र जास्त झाले की बहुतेक फुलझाडे पाल्यात रमतात, आणि हे तर फारच. मला विचाराल तर या झाडावरचे सगळे कष्ट दोन टोकांना करावेत: सुरुवातीला बी रुजवताना आणि शेवटी फुले खुडताना. मधले दीड-दोन महिने त्याला त्याच्या मनाने वाढू द्यावे. बोटाचे एक पेर आत घालून माती कोरडी लागली तर पाणी, एवढाच नियम.

तण मात्र काढावे लागते, आणि त्यात गाजर गवताकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ते कॅमोमाइलच्याच कुळातले, म्हणजे सूर्यफुलाच्या. भारतात त्याची पहिली नोंद १९५५ साली पुण्यात झाली, आणि आज राज्यातल्या बहुतेक पोयट्यात आणि शेणखतात त्याचे बी असतेच. त्याच्याही पानाला कातरा असतो, म्हणून नवशिक्याची फसगत होते. गाजर गवताचे रोप जमिनीला चापट पसरते, पान रुंद आणि लवदार असते. शंका आली तर पान बोटांत चुरडून वास घ्या. कॅमोमाइलला सफरचंदाकडे झुकणारा गोडसर वास येतो.

जानेवारीच्या गारठ्यात कळ्यांवर मावा येतो. पाण्याच्या बारीक फवाऱ्याने तो धुऊन काढावा. दोन-तीन दिवस वाट पाहिली तर ढालकिडे स्वतःहून हजर होतात. निंबोळी अर्क वापरायचाच असेल तर कळ्या दिसण्यापूर्वी; ज्या फुलांचा आपण चहा करणार, त्यांवर कडू फवारा नको, आणि रासायनिक कीटकनाशक तर नकोच नको.

फूल कधी खुडायचे, हे या सगळ्या खटाटोपाचे मर्म आहे. कॅमोमाइलचे एक फूल म्हणजे खरे तर फुलांचा मेळा. मधल्या पिवळ्या गादीत शेकडो नळीसारखी बारीक फुले असतात, आणि कडेला दहा-वीस पांढऱ्या पाकळ्या दिसतात त्याही एकेक फूलच. कळी उमलताना पाकळ्या वर उभ्या असतात. मग त्या आडव्या, बशीसारख्या सपाट होतात. शेवटी खाली लोंबतात आणि पिवळी गादी शंकूसारखी वर उंचावते. गादीतली बारीक फुले कडेपासून मध्याकडे एकेक ओळ उमलत जातात. पाकळ्या आडव्या झाल्या आहेत आणि गादीतली निम्मी-अधिक फुले उमलली आहेत, त्या टप्प्यात सुगंधी तेल भरात असते. तेव्हाच खुडा. पाकळ्या लोंबल्यावर खुडलेले फूल वाळताना भुगा होते आणि वासही उतरतो.

खरे जर्मन कॅमोमाइल ओळखण्याची खूणही इथेच आहे. एक फूल घेऊन पात्याने उभे चिरा. पिवळ्या शंकूच्या आत पोकळी दिसली तर झाड खरे. रोमन कॅमोमाइल आणि शेतात उगवणारे त्यासारखे इतर तण यांचा शंकू आतून भरीव असतो.

सकाळी दव वाळल्यावर, ऊन चढण्याआधी खुडणी करावी. बोटे कंगव्यासारखी फाकवून देठांत घालायची आणि वर ओढायची; फुले तळहातात येतात. देठ अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. पहिल्या तोड्यानंतर झाड बाजूने फुटते आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा फुलून येते. असे चार-पाच तोडे मिळतात. फुले झाडावर तशीच राहू दिली तर झाड बी धरण्याच्या मागे लागते आणि बहर संपतो, म्हणून चहा नको असला तरी खुडत राहावे.

वाळवण सावलीतच. कुरडया-पापडांच्या सवयीने ही फुले गच्चीवर उन्हात टाकली तर रंग विटतो आणि तेल उडून जाते. सुपात किंवा सुती कापडावर एकेरी थर पसरा, खोलीत वारा खेळता ठेवा. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत आठवडाभरात फुले वाळतात, किनारपट्टीवर जास्त दिवस लागतात. पाकळ्या लवकर कुरकुरीत होतात, पण पिवळी गादी आत ओल धरून ठेवते. ती चिमटीत दाबल्यावर चुरा झाला पाहिजे. दबून नुसती चेपली गेली तर आणखी दोन दिवस राहू द्या. अर्धवट वाळलेले फूल बरणीत बंद केले की बुरशी आलीच. काचेची कोरडी बरणी, घट्ट झाकण, अंधारे कपाट. वर्षभरात संपवावे.

चहा करताना फुले उकळू नयेत. उकळते पाणी फुलांवर ओतून कपावर झाकण ठेवावे आणि दहा मिनिटांनी गाळावे. झाकण नसेल तर वाफेबरोबर सुगंध निघून जातो. पेय फिके पिवळे दिसते. पण याच फुलांतून वाफेच्या साहाय्याने काढलेले तेल गडद निळे असते. फुलात निळे काही नसते. मॅट्रिसिन नावाचे रंगहीन द्रव्य उष्णतेने बदलते आणि त्यातून कॅमाझुलीन हा निळा पदार्थ तयार होतो. बागेतल्या पांढऱ्या-पिवळ्या फुलातून असा रंग निघावा, याचे मला अजून नवल वाटते.

एक काळजी मात्र आवर्जून घ्या. ज्यांना गाजर गवताची, शेवंतीची किंवा झेंडूची ॲलर्जी आहे, त्यांना एकाच कुळामुळे कॅमोमाइलचाही त्रास होऊ शकतो. आपल्याकडे गाजर गवताने अंगावर पुरळ उठणारे, दमा बळावणारे लोक कमी नाहीत; त्यांनी हा चहा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, तरीही आधी विचारा. तान्ह्या बाळाला देऊ नका, आणि डोळे धुण्यासाठी तर वापरूच नका. झोप लागण्यासाठी लोक हा चहा घेतात. सौम्य आराम वाटतो, पण औषधाची गोळी बंद करून त्याच्यावर विसंबण्याइतका तो खात्रीचा नाही.

मार्चच्या मध्यानंतर दोन-तीन जोमदार झाडांची फुले खुडायची थांबवा. पाकळ्या गळतील, शंकू तपकिरी होतील. ते कागदी पिशवीत सकाळीच कापून घ्या, कारण दुपारच्या वाऱ्यात बी झडते. आठवडाभराने चुरून चहाच्या गाळणीतून गाळा. असे बी कोरडे आणि थंड ठेवले तर तीन-चार वर्षे उगवते. फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डबीत उत्तम राहते. एका झाडाचे बी गल्लीतल्या साऱ्या घरांना पुरेल, तेव्हा पुड्या बांधून वाटा. प्रत्येक पुडीवर साल लिहा, आणि त्याखाली ठळक अक्षरांत एवढे जरूर लिहा: पेरणी कोजागिरीनंतर, वरून माती घालू नये.